स्लो बसत नाही, कारण इंजिन तापतच नाही

या वेळच्या पत्रांत एकाच तक्रारीची पत्रं जास्त होती. रेसवरून पाय काढला तरी इंजिन घुमत राहतं, स्लो (पाय काढल्यावरचा इंजिनाचा संथ वेग, म्हणजेच आयडलिंग) बसत नाही, आणि गॅरेजमध्ये पैसे घालूनही फरक पडत नाही. गाड्या सगळ्या जुन्या. त्यातलं वाईच्या वाचकांचं पत्र मी जवळजवळ जसंच्या तसं देते आहे. गाडीचं बॉनेट न उघडता निदान करता यावं इतकं त्यांनी नीट पाहून लिहिलं आहे.

मॅडम, स. न. वि. वि.

माझ्याकडे २००३ ची मारुती एस्टीम व्हीएक्सआय आहे. वडिलांनी नवी घेतली होती, त्यांच्यामागे मी वापरतो. विकायची नाही. साधारण दीड वर्षापासून तिचं आयडलिंग वाढलेलं आहे. गाडी सुरू केल्यावर आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा १५०० वर जातो, थोडा उतरतो आणि १३०० च्या आसपास अडकून बसतो. वाईत दिवसभर फिरलो तरी तसाच. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा पाकळीने कमी-जास्त करणारी नळी) साफ करून झाली. आयडलिंगचा व्हॉल्व नवा घातला. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बदलला. शेवटी एका मेकॅनिकने स्क्रू फिरवून आरपीएम खाली आणला, तर पसरणी घाट चढून पांचगणीच्या बाजारात पोहोचलो की गाडी बंद पडायला लागली. मग त्यानेच स्क्रू परत वाढवला.

गंमत अशी, की घाट चढून वर गेलं की स्लो आपोआप ९०० वर येतो. मला वाटलं उंचीवर हवा विरळ म्हणून असेल. पण मे महिन्यात वाईत लग्नसराईच्या गर्दीत एसी लावून अडकलो होतो, तेव्हाही तो हजाराच्या खाली आला होता. घाट उतरून खाली आलं की पुन्हा १३००. हिवाळ्यात त्रास जास्त. अ‍ॅव्हरेज पूर्वी चौदा-पंधरा मिळायचं, आता अकरा. चेक इंजिनचा दिवा कधीच लागलेला नाही. एक सांगायचं राहिलं: आरपीएमची तक्रार सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात पुण्याहून येताना खंबाटकी घाटात गाडी तापली होती. तेव्हा जवळच्या गॅरेजमध्ये काम करून घेतलं. त्यानंतर ती कधीच तापली नाही, तापमानाचा काटा एरवी पावाच्या वर जात नाही, त्या बाबतीत समाधान आहे.

— एक वाचक, वाई

नमस्कार. वडिलांची गाडी सांभाळून ठेवलीत याचा मला मनापासून आनंद झाला. तुमच्या इंजिनात फारसं काही बिघडलेलं नाही, असं मला वाटतं. तुमच्या गाडीतला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व, कुणीतरी काढून टाकला आहे. गॅरेजमध्ये त्याला नुसतं ‘वॉल’ म्हणतात. खंबाटकीनंतर जे ‘काम’ झालं, ते बहुधा हेच.

मी या निष्कर्षावर कशी आले ते सविस्तर लिहिते, म्हणजे इतरांनाही आपल्या गाडीपुरता विचार करता येईल.

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) ठरवतो, पण ठरवतो आत आलेल्या हवेवरून. म्हणून आरपीएम वाढलेला असेल तर पहिला प्रश्न पेट्रोलचा नाही, हवेचा: ही जादा हवा कुठून येते? वाटा मोजक्याच आहेत. थ्रॉटलची पाकळी पूर्ण मिटत नसेल. आयडलिंगचा व्हॉल्व उघडा राहत असेल. कुठला तरी पाइप किंवा गॅसकेट (दोन भागांच्या जोडातलं सील) फाटून तिथून हवा ओढली जात असेल. आणि या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल बॉडीच्या बुडाशी एक मेणाचा व्हॉल्व असतो. इंजिन थंड असताना तो उघडा राहून जादा हवा सोडतो, आणि गरम कूलंट (इंजिन आणि रेडिएटरमधून फिरणारं पाणी) त्याच्याजवळून वाहू लागलं की आतलं मेण फुगून तो बंद होतो. थ्रॉटल बॉडीला पाण्याचे दोन बारीक पाइप कशाला जोडलेत, असा प्रश्न पडला असेल, तर त्यातलं एक कारण हे.

आता तुमचं पत्र या वाटांवर ठेवून पाहू. फाटलेला पाइप इंजिन गरम झालं म्हणून सांधला जात नाही. पाकळी अडकली असती तर ती घाटातही अडकलेलीच राहिली असती. तुमचा दोष मात्र इंजिन खरोखर तापलं की नाहीसा होतो. पसरणीच्या चढावर इंजिनावर भार असतो, उष्णता भरपूर तयार होते. मे महिन्यात गर्दीत उभ्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, त्यात एसी चालू. एक प्रसंग डोंगरावरचा आणि एक सपाटीवरचा, म्हणजे विरळ हवेची शंका तुमच्याच निरीक्षणाने निकालात निघते. घाट उतरताना इंजिनाला काही काम नसतं, वारा मात्र भरपूर, कूलंट पुन्हा निवतं आणि आरपीएम चढतो. हिवाळ्यात त्रास जास्त होतो तेही त्यामुळेच.

म्हणजे आयडलिंग वाढवणारी सगळी यंत्रणा आपलं काम चोख करते आहे. इंजिन थंड आहे, म्हणून ईसीयू आणि मेणाचा व्हॉल्व दोघेही ते वाढवून ठेवत आहेत. आणि इंजिन थंड आहे, ही गोष्ट खरी आहे.

ती खरी आहे हे कशावरून? तुमच्या डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा एरवी पावाच्या वर जात नाही, यावरून. काट्याला माहिती देणारा सेन्सर वेगळा असतो आणि ईसीयूला माहिती देणारा वेगळा. एकटा ईसीयूचा सेन्सर बिघडला असता तर आरपीएम चढला असता, पण काटा नेहमीसारखा मध्यापाशी दिसला असता. इथे दोन वेगळ्या सेन्सरांची साक्ष एकच आहे. म्हणूनच तुम्ही नवा सेन्सर घातलात तरी काही बदललं नाही. जुनाही खरंच सांगत होता. चेक इंजिनचा दिवा न लागण्याचंही हेच कारण. पन्नास-साठ अंशांचं तापमान दाखवणारा सेन्सर ईसीयूच्या दृष्टीने निरोगी असतो.

अ‍ॅव्हरेज का पडलं तेही यातच आलं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीयू जादा पेट्रोल देतो. सकाळची पहिली काही मिनिटं ते योग्यच असतं. तुमची गाडी दीड वर्ष त्याच अवस्थेत चालते आहे.

खात्री करण्यासाठी पैसे लागत नाहीत. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडा. रेडिएटरच्या वरच्या अंगाला इंजिनकडून येणारा जाड पाइप शोधा. गाडी सुरू करा आणि त्या पाइपला अधूनमधून हात लावत राहा. थर्मोस्टॅट जागेवर आणि चांगला असेल, तर पाइप बराच वेळ गारच राहतो आणि मग अचानक चांगलाच तापतो. त्या क्षणी थर्मोस्टॅट उघडलेला असतो. थर्मोस्टॅट नसेल किंवा उघड्या स्थितीत अडकला असेल, तर पाइप पहिल्या मिनिटांपासून हळूहळू कोमट होत जातो. हात पंख्यापासून लांब ठेवा, तो विजेवर चालतो आणि केव्हाही सुरू होऊ शकतो. साडीचा पदर, ओढणी, गळ्यातला रुमाल काहीही लोंबतं ठेवू नका. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरची टोपी उघडायची नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

आणखी एक खूण बघा. इंजिन ऑइल ओतायच्या जागेचं झाकण काढून आतली बाजू पाहा. तिथे फिकट, सायीसारखा थर दिसला तर तो ऑइलमध्ये मिसळलेल्या पाण्याचा असतो. इंजिन नीट तापत असेल तर ज्वलनातून तयार होणारी वाफ निघून जाते. तापत नसेल तर ती थिजून ऑइलमध्ये उतरते. असा थर हेड गॅसकेट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं सील) गेल्यावरही दिसतो, तेव्हा एकट्या त्यावरून निर्णय करू नका. पण पाइपची परीक्षा आणि हा थर दोन्ही जुळले, तर माझी शंका जवळजवळ पक्की समजा. (कोविडच्या काळात घेतलेली, कपाळावर धरायची थर्मामीटरची बंदूक इथे वापरू नका. त्यातल्या बहुतेक शरीराच्या तापमानापुरत्याच मोजतात.)

थर्मोस्टॅट वरच्या पाइपच्या इंजिनाकडच्या टोकाशी, एका टोपीखाली बसतो. दोन बोल्ट काढले की दिसतो. काही शे रुपयांचा भाग आहे. नवा आणला की त्याच्यावर अंश कोरलेले बघा, साधारण ८२ किंवा ८८ असतात. तुमच्या गाडीसाठी जो सांगितला आहे तोच घ्या. बसवण्याआधी घरीच तपासा. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगा की बुडाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि गॅस मंद ठेवून पाणी तापवा. कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी निवल्यावर घट्ट मिटला पाहिजे. आयटीआयमध्ये माझ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग पहिल्या सहामाहीतच करायला लावत असे. एकदा तो व्हॉल्व डोळ्यांदेखत उघडताना पाहिला की तो काढून फेकायचा विचार मनात येत नाही.

बसवताना त्याच्यावरचं हवा सुटायचं बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवा. गॅसकेट नवं घाला. नळाचं किंवा विहिरीचं पाणी भरू नका, त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. तयार कूलंट भरा. मग इंजिन गार असतानाच रेडिएटरची टोपी काढून गाडी सुरू करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, पातळी उतरेल तसं कूलंट भरत राहा, आणि ते वर चढून यायला लागलं की टोपी लावून टाका. पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा. आत हवेचा बुडबुडा राहिला तर मेणाच्या व्हॉल्वपर्यंत गरम कूलंट पोहोचत नाही आणि तुम्ही पुन्हा १३०० वर येऊन बसाल, सगळं बरोबर करूनसुद्धा.

त्यानंतर स्क्रू. थ्रॉटलची पाकळी जिथे टेकते तो टेकणीचा स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो. तो आयडलिंग जुळवण्यासाठी नसतो; पाकळी नळीच्या भिंतीत रुतू नये एवढ्यासाठी असतो. पुष्कळदा त्याच्यावर रंगाचा ठिपका असतो, तो तुटलेला दिसला तर समजावं की कुणीतरी हात लावला आहे. तुमच्याकडे दोनदा लागला आहे. इंजिन थंड असताना स्क्रूने आरपीएम खाली ओढला, म्हणून पांचगणीला पोहोचून इंजिन तापल्यावर हवा कमी पडली आणि गाडी बंद पडली. थर्मोस्टॅट बसल्यावर, इंजिन पूर्ण गरम करून, जाणत्या मेकॅनिककडून तो पूर्वस्थितीला आणून घ्या: पाकळी पूर्ण मिटेपर्यंत सैल, मग नुसता टेकेल इतका पुढे. त्याच वेळी थ्रॉटल पोझिशन सेन्सर ‘पाकळी मिटली’ हे ओळखतो आहे की नाही तेही बघायला सांगा. ते ओळखता आलं नाही तर ईसीयू आयडलिंगचा ताबाच घेत नाही. योग्य आरपीएम किती, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

आता एका गोष्टीची तयारी ठेवा. थर्मोस्टॅट बसवल्यावर गाडी पुन्हा तापू शकते. काटा मध्यापाशी येऊन थांबणं ही निरोगी खूण आहे, त्याला घाबरू नका. पण तो मध्याच्या वर चढायला लागला तर गाडी बाजूला घ्या, बंद करा, आणि ‘बघा, वॉल घातला म्हणून तापली’ असं कुणी म्हणालं तर मानू नका. खंबाटकीत ती ज्या कारणाने तापली, ते कारण तेव्हा कुणी शोधलंच नसण्याची दाट शक्यता आहे. क्षारांनी तुंबलेला रेडिएटर, पंख्याचा स्विच, पाण्याचा पंप, दाब न धरणारी रेडिएटरची टोपी, हेड गॅसकेट: यातलं काय ते शोधावं लागेल.

‘आपल्याकडे ऊन आहे, आपल्याला वॉल कशाला’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं. बाहेर चाळीस अंश असले तरी इंजिनाला नव्वदीच्या आसपास राहायचं असतं. चाळीस आणि नव्वद यांत पन्नासाचं अंतर आहे. पेट्रोलची वाफ, ऑइलचा पातळपणा, पिस्टन आणि सिलिंडरमधली फट हे सगळं त्या तापमानासाठी आखलेलं असतं. कायम थंड चालणाऱ्या इंजिनात जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइल धुऊन नेतं आणि झीज वाढते. तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढणं हा इलाज नाही. ताप मोजणारा काटा खाली आणण्याची ती युक्ती आहे, आणि तिची किंमत पुढे मालक भरतो. हे मी कुणा एका मेकॅनिकवर रागावून लिहीत नाही. उन्हात, घाटात, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना तो वेळ मारून नेतो. पण मग त्याने गिऱ्हाइकाला सांगायला हवं, की वॉल काढला आहे, घरी गेल्यावर नवा घाला. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्ही चांगले असलेले भाग बदलत बसलात.

रत्नागिरीच्या वाचक भगिनी विचारतात: माझी २००१ ची झेन उभी असताना आपोआप रेस होते आणि उतरते, हजार ते अठराशे, पुन्हा हजार, असं सतत चालू असतं. पावसाळ्यात बरेच दिवस गाडी घराच्या पडवीत उभी होती, त्यानंतर सुरू झालं. ब्रेकही जरा जड वाटतो, की तो माझा भास आहे?

ताई, तो भास नाही, आणि तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. ब्रेकची तपासणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

ब्रेक हलका करणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. इंजिनाच्या मॅनिफोल्डपासून (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांपासून) बूस्टरपर्यंत एक जाड रबरी पाइप जातो. तो फाटला, निसटला किंवा बूस्टरचा आतला पडदा फाटला, की एकाच वेळी दोन गोष्टी होतात: ब्रेक जड होतो आणि इंजिनात थ्रॉटलला वगळून हवा शिरते. दार लावलं तरी खिडकीतून वारा यावा तसं. तुमच्या झेनमध्ये ईसीयू हवेचा अंदाज मॅनिफोल्डमधल्या दाबावरून करतो. गळतीची हवाही त्याला हवाच दिसते, तो तिला पुरेसं पेट्रोल देतो, आरपीएम चढतो. मग त्याच्या लक्षात येतं की पाकळी मिटलेली आहे आणि तरी इंजिन फार जोरात फिरतंय. उतारावर पाय काढल्यावर करतो तसं तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतो, पेट्रोल पुन्हा सुरू, आरपीएम पुन्हा वर. तुम्ही ऐकता आहात ती या झटापटीची घुंघुं.

इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल टणक होईल. ते तसंच दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पायाखाली पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर बूस्टर, त्याचा पाइप किंवा त्यातला एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व, यांपैकी काहीतरी गेलं आहे. ब्रेक दाबताना पेडलजवळ हिस्स असा आवाज आला तर बूस्टरचा पडदा.

पावसाळ्यात पडवीत उभ्या गाडीत उंदीर शिरले नसतील तर नवल. बॉनेटखाली लेंड्या, कुरतडलेलं रबर, गवत दिसतं का बघा, आणि पाइपबरोबर वायरींवरूनही नजर फिरवा. गळती कुठे आहे ते ठरवायला मेकॅनिकला एक-एक रबरी पाइप पकडीने, जबड्याला कापड गुंडाळून, क्षणभर दाबायला सांगा. ज्या पाइपला दाबल्यावर आवाज बदलतो आणि आरपीएम उतरतो, तो किंवा त्याच्या पलीकडचं काहीतरी गळतंय. मॅनिफोल्डच्या गॅसकेटवर साधं पाणी बारीक फवारून बघता येतं, विजेच्या जोडण्यांवर उडू न देता. पाणी ओढलं गेलं की आवाज बदलतो. कार्ब्युरेटर क्लीनर फवारून गळती शोधतात ते मी घरी करायला सांगणार नाही. गरम इंजिनावर तो पेट घेऊ शकतो. उदबत्तीचा धूर दाखवून हवा कुठे ओढली जाते ते बघण्याची कल्पनाही पेट्रोलच्या इंजिनाजवळ नको.

पाइप मिळाला नाही म्हणून पाण्याचा साधा पाइप कापून लावू देऊ नका. व्हॅक्यूमने तो आतल्या आत चपटा होतो, आणि इथे प्रश्न ब्रेकचा आहे.

सोलापूरहून: माझी १९९६ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरची. रेसची केबल नवी टाकल्यापासून पाय काढला तरी इंजिन वाढलेलंच राहतं. कधी राहतं, कधी नाही. कार्ब्युरेटर बदलायला सांगतात.

केबल बदलल्यावर दोष सुरू झाला, तर आधी केबलच. आरपीएम वाढलेला असताना गाडी न्यूट्रलला घेऊन, उभी करून, बुटाचं टोक रेसच्या पेडलखाली घालून ते वर उचला. इंजिन लगेच शांत झालं तर कार्ब्युरेटरचा काही संबंध नाही. केबलला ढील नाही, किंवा तिचं वळण फार आवळ आहे, किंवा पायाखालची जाडी चटई पेडलला अडते आहे. केबलला थोडी ढील हवीच. हाताने केबल किंचित हलली पाहिजे आणि कार्ब्युरेटरवरचा लिव्हर पूर्ण मागे येऊन टेकला पाहिजे.

त्याच हाताने चोकची (गार इंजिन सुरू करताना हवा अडवणाऱ्या पट्टीची) केबलही बघा. तुमच्या गाडीत चोकची मूठ ओढायची आहे. ती डॅशबोर्डवर आत ढकललेली दिसते, पण पुढे कार्ब्युरेटरवर चोकचा लिव्हर अर्धवट राहिलेला असतो, आणि तोच लिव्हर स्लो वाढवतो. एअर फिल्टरचं झाकण काढून, चोकची पट्टी पूर्ण उभी होते का ते डोळ्यांनी पाहा.

दोन्ही ठीक असेल तर कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला काळा ठोकळा आणि त्याची गॅसकेट तपासून घ्या. चार नट असमान आवळले की तो वाकतो किंवा तडकतो आणि तिथून हवा शिरते. जुना मूळ कार्ब्युरेटर टाकून देऊन बाजारातला नवा घालू नका. मूळ कार्ब्युरेटर साफ होऊन, नवं किट पडून पुष्कळ वर्षं चालतो.

नाशिकहून: २००८ च्या गाडीची थ्रॉटल बॉडी सर्व्हिसिंगला साफ केली आणि त्या दिवसापासून आयडलिंग ११०० झालं. आधी ८०० होतं. साफ करून बिघडलं का?

सहसा नाही. पाकळीच्या कडेला काजळी साचत जाते तसा ईसीयू हळूहळू शिकतो, की इथून हवा कमी येते, मला व्हॉल्व जरा जास्त उघडावा लागेल. काजळी गेली, पण त्याची शिकलेली सवय राहिली. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत आयडलिंग पुन्हा शिकवायची पद्धत असेल तर तीच वापरा, किंवा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये ती करून घ्या. बऱ्याच गाड्या काही दिवसांच्या वापरात स्वतःच पुन्हा शिकतात. आठवडाभर वाट पाहूनही उतरलं नाही, तर साफ करताना काढलेला एखादा पाइप नीट बसला नसेल किंवा थ्रॉटल बॉडीची गॅसकेट फाटली असेल. त्याच गॅरेजमध्ये जाऊन त्यांच्याकडूनच तपासून घ्या. मधल्या काळात कुणालाही टेकणीच्या स्क्रूला हात लावू देऊ नका.

वाईच्या वाचकांनी थर्मोस्टॅट बसवल्यावर घाटाच्या पायथ्याशी, पांचगणीत आणि परत खाली उतरल्यावर, तिन्ही ठिकाणचा आरपीएम आणि तापमानाचा काटा कुठे होता ते मला कळवावं. टोपी उघडल्यावर आत काय सापडलं तेही लिहा. थर्मोस्टॅट जागेवर आणि उघड्या स्थितीत अडकलेला निघाला, तर तो टाकून न देता त्याचा फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापू.